सुभेदारांचा चष्मा

"हनुवटी इथे टेकवा, समोर बघा आणि पापणी मिटू नका," मी सवयीनं म्हणाले आणि लगेच जीभ चावली. यंत्रासमोर साप होता.

"सांगा, सांगा. त्याले समजते सगळं," मामाजी म्हणाले. त्यांनी सुभेदारांचं डोकं दोन बोटांत अलगद धरलं होतं. उरलेले सुभेदार त्यांच्या दंडाला वेढे घालून बसले होते.

मामाजी म्हणजे माझे सासरे, भास्करराव गावंडे. वऱ्हाडात सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात, हे मी लग्न होऊन खामगावला आल्यावर शिकले. पुढे चष्म्याचं दुकान आणि मागे घर. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात मामाजी, माझा नवरा हर्षल, मी आणि सुभेदार. सुभेदार म्हणजे आफ्रिकेतला बुटका अजगर, बॉल पायथन. मनगटाएवढा जाड, चार फूट लांब, स्वभावानं आमच्या घरातला सगळ्यात शांत प्राणी. मामाजींचा पुण्यातला एक मित्र कायमचा परदेशी गेला, तेव्हा त्यानं तो मामाजींना दिला होता. त्याचे सरकारी कागद दुकानात लायसन्सच्या शेजारी फ्रेम करून लावले होते, कारण दर आठवड्याला कोणीतरी विचारायचंच, "गावंडे साहेब, हे चालते का?"

मी रत्नागिरीची. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली. तिकडे पाच वर्षं नोकरी करून मी हे यंत्र घेतलं होतं, स्लिट लॅम्प. डोळ्यावर प्रकाशाची बारीक फट टाकून तो वीसपट मोठा दाखवणारं. लग्नात इतर मुलींबरोबर कपाटं येतात, माझ्याबरोबर हे आलं. टेम्पोतून उतरवताना मामाजी एकच वाक्य बोलले होते, "सांभाळून, भिंग हाय त्यात." फेब्रुवारीतल्या लग्नापासून मेपर्यंत ते माझ्याशी जेवढं बोलले, ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. माणूस वाईट नव्हता. पण समोर आले की नजर चुकवायचे आणि मी खोलीत शिरले की काहीतरी काम काढून बाहेर जायचे. मला वाटायचं, कोकणातली सून त्यांना पसंत नाही.

त्या शनिवारी मात्र त्यांना माझी गरज होती. हर्षल पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेला होता आणि सुभेदारांचा डावा डोळा गेला होता.

गुरुवारी त्यांनी कात टाकली. एरवी कात टाचेपासून ओढलेल्या मोज्यासारखी अख्खी निघायची म्हणे. या वेळी तुकड्यातुकड्यांनी निघाली, कांद्याच्या सालांसारखी. आणि डावा डोळा राखाडी, सुरकुतलेला, मेल्यासारखा दिसायला लागला. मामाजी म्हणाले, डोळ्यात फूल पडलं. गावातले गुरांचे डॉक्टर येऊन पाहून गेले. भला माणूस. म्हणाले, "मी गायीम्हशींचा डॉक्टर हाय, गावंडे साहेब. पण डोळा सडला असन तर ठेवून चालत नाही. सोमवारी काढून टाकू."

डोळे वाचवण्यावर ज्यानं चाळीस वर्षं पोट भरलं, त्याच्या घरात सोमवारी डोळा काढणार होते. मामाजी दोन दिवस जेवले नव्हते. शनिवारी दुपारी, दुकान बंद असण्याच्या वेळेत, त्यांनी मला हाक मारली, "सूनबाई, तुमच्या यंत्रात पाहता येईन का?"

मी "एक मिनिट" म्हणून आधी मागे मोरीपाशी गेले आणि स्वतःच्या डोळ्यांत थेंब घातले. खामगावची कोरडी हवा मला बाधली होती. मार्चपासून डोळ्यांत खडे टोचायचे, लाल व्हायचे. चष्म्याच्या दुकानात लाल डोळ्यांची बाई दिसली तर गिऱ्हाईक म्हणणार, हिचेच डोळे आलेत, ही आमचे काय तपासणार! म्हणून हे काम मी नेहमी आडोशाला उरकायचे. डोळे टिपून मी परत आले आणि यंत्रामागे बसले.

प्रकाशाची फट सुभेदारांच्या डोळ्यावर पडली.

आत काही सडलेलं नव्हतं. आत फूलही नव्हतं. धूसरपणा सगळा वरवर होता. डोळ्यावर एक पातळ, चुरगळलेला पापुद्रा बसला होता आणि एका कडेला तो किंचित उचलला गेला होता. मी प्रकाश बाजूला केला, पुन्हा टाकला. पापुद्र्याखाली एक उभी काळी रेघ होती. ती रेघ बारीक झाली.

"मामाजी!" मी ओरडलेच. "बाहुली हलली!"

"काय?"

"प्रकाश टाकला की आकसते. काढला की मोठी होते. डोळा जिवंत आहे मामाजी, डोळ्याला काहीही झालेलं नाही!"

"सरका," मामाजी म्हणाले. "धरा याले."

आणि त्यांनी चार फूट साप माझ्या हातात दिला. तीन महिने मी सुभेदारांच्या पेटीजवळून जाताना भिंतीला घासून जायचे. आता घाबरायचं आठवेपर्यंत सुभेदार माझ्या हातात होते, कोरडे, गार, जड. मामाजी यंत्राला डोळे लावून बसले. मी प्रकाशाचं बटण फिरवत राहिले, आत-बाहेर, आत-बाहेर.

"बाप्पा रे," ते म्हणाले. "बाप्पा रे बाप्पा. पाहून राहिला तो मले."

आम्ही दोघंही हसायला लागलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"हे काय आहे सांगू?" मी म्हणाले. माझ्या डोक्यात सगळं चटकन जुळलं होतं. "हे अडकलेल्या कॉन्टॅक्ट लेन्ससारखं आहे. रत्नागिरीत एक कॉलेजची मुलगी आली होती, चार रात्री लेन्स घालून झोपलेली. अशीच वाळून चिकटली होती. सलाइननं भिजवायचं, कड सोडवायची आणि चिमट्यानं उचलायचं. दोन मिनिटांचं काम."

"पक्कं?"

"पक्कं!"

मला आता त्या "पक्कं"ची लाज वाटते. पण तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, नुकता एक डोळा मेलेल्यांतून परत आलेला पाहिला होता आणि माझे हात शिवशिवत होते.

मामाजींनी तरी एक शहाणपण केलं. पुण्याच्या मित्रानं जाताना सापांच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला होता, डॉ. मुकादम. दोन दिवसांच्या गोंधळात तो त्यांना आत्ता आठवला; त्यांनी लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. आमच्या दुकानात रेंज म्हणजे लहरी पाहुणा, आला तर आला.

"म्याडम, खामगाववरून बोलून राहिलो. आमच्या सापानं कात टाकली, पण डोळा धुरकट दिसते."

"अच्छा, म्हणजे चष्मा राहिलाय," पलीकडून खरखरत आवाज आला. "चष्मा एकाच डोळ्यावर आहे की दोन्ही?"

मामाजींनी नाकावरचा चष्मा चाचपला. "दोन्ही. बायफोकल हाय."

"काय? ... आवाज तुटतोय तुमचा. हे बघा, बाकी मी नंतर सांगते, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चष्मा काढू नका. कितीही मोह झाला तरी चष्मा काढायचा ना..."

फोन बंद पडला. पुन्हा लावला तर लागेना.

"साप तोंड मारते, म्हणून म्हणत असन," मामाजी म्हणाले. "डोळे सांभाळा म्हणते बाई. बरोबरच हाय. चाळीस वर्षं मी लोकायले हेच सांगून राहिलो, चष्मा काढू नका."

मी माझा चष्मा वर सरकवला, मामाजींनी त्यांचा. दोघंही डॉक्टरांच्या आज्ञेत होतो. मी लेन्सचा मऊ टोकाचा चिमटा उकळत्या पाण्यातून काढला, सलाइनची बाटली उघडली आणि कामाला लागले.

मामाजींचे हात मी तेव्हा नीट पाहिले. चाळीस वर्षं काचा घासलेले हात, तसूभर हलत नव्हते. सुभेदारांचं डोकं त्यांनी हनुवटीच्या पट्टीवर असं धरलं होतं की साप आहे की लाकडाचं खेळणं, कळू नये. मी थेंब थेंब सलाइन सोडत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पापुद्र्याची सुटलेली कड ओली होऊन चमकायला लागली.

"आली," मी म्हणाले.

"हळू."

"आली, आली. धरली मी."

चिमट्यात कड आली होती. मी केसभर ओढली. पापुद्र्याबरोबर डोळ्याभोवतीचे बारीक खवलेही ताणले गेले. सुभेदारांच्या घशातून लांब फुसकारा निघाला. तो मी कधीच ऐकला नव्हता. त्यांचं सगळं अंग मामाजींच्या दंडावर आवळलं.

"दुखून राहिलं त्याले," मामाजी म्हणाले.

"भिजलं नाही पुरेसं. आणखी एकदाच ओढते. निघेल."

मी चिमटा पुन्हा घट्ट केला, आणि काय झालं कोण जाणे, त्या बाईंचा प्रश्न कानात परत वाजला. एकाच डोळ्यावर आहे की दोन्ही?

"मामाजी," मी चिमटा न हलवता म्हणाले, "तुम्ही एका डोळ्याचा चष्मा कधी विकलाय?"

"एका डोळ्याचा? आता? काहून?"

"विकलाय का कधी?"

"नाही बा. एका डोळ्याचा चष्मा कोण घालते?"

"मग डॉक्टरांनी असं का विचारलं, की चष्मा एकाच डोळ्यावर आहे की दोन्ही?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मामाजींकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी सुभेदारांच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं. त्यावरचा तो भिजून पारदर्शक झालेला, गोल, चकचकीत पापुद्रा माझ्या चिमट्यात होता.

"सोडा!" मामाजी ओरडले. "सूनबाई, सोडा तो चष्मा!"

मी चिमटा सोडला. तो खणकन फरशीवर पडला. फोन उचलला आणि मागच्या अंगणात धावले, कारण रेंज असली तर तिथेच असायची. दुपारचे अडीच, पायात चपला नाहीत, फरशी तव्यासारखी. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत नंबर लावत होते. मामाजी मागून आले, दंडावर सुभेदार तसेच, वरून ओला पंचा टाकलेला.

फोन लागला. "डॉक्टर, चष्मा म्हणजे सापाचा का?"

"मग कोणाचा? तुम्ही काढला नाहीत ना?"

"नाही!"

"नक्की?"

"कड धरली होती. सोडली."

पलीकडे मोठा श्वास सुटला. "नशीब तुमचं. अहो, सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, त्याला आम्ही चष्मा म्हणतो. प्रत्येक कातीबरोबर जुना चष्मा निघतो आणि खाली नवा तयार असतो. तुमचा जुना अडकलाय. तो ओढला असतात तर खालचा नवाही त्याच्याबरोबर आला असता, डोळा उघडा पडला असता आणि वाळून गेला असता. मग मीही काही करू शकले नसते."

मी मटकन अंगणातल्या पायरीवर बसले. पायरीही तापलेली होती, पण मला चटका जाणवला नाही. दोन मिनिटांचं काम म्हणाले होते मी. आणखी एकदाच ओढणार होते.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "चष्मा अडकतो तो बहुतेक वेळा हवा कोरडी पडल्यामुळे. याआधी असं झालं होतं का कधी?"

"पाच वर्षांत नाही," मामाजी फोनकडे झुकून म्हणाले.

"मग यंदा घरात काय बदललं?"

मामाजींनी सुभेदारांवरचा पंचा सारखा केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काही नाही."

त्यांनी असं का सांगितलं, मला कळेना. कारण मी बसले होते त्याच्या शेजारी भिंतीतून एक प्लॅस्टिकची नळी बाहेर आली होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं. वर लोखंडी ब्रॅकेटवर पत्र्याची पेटी घरघरत गरम हवा ओकत होती. ते पाणी कुठून येत होतं? आमच्या हॉलच्या हवेतून. महिनाभर तो एसी आमच्या हॉलमधला ओलावा शोषून या बादलीत टाकत होता. मला माझ्या पर्समधली थेंबांची बाटली आठवली. मार्च अख्खा एकीत भागला होता, एसी आल्यापासून महिन्यात तिसरी चालू होती.

"एसी," मी म्हणाले. "एप्रिलमध्ये एसी बसवला."

"साप कुठे ठेवता?"

"एसीसमोर," मी म्हणाले.

"कोणी ठेवला तिथे?"

"मीच ठेवला," मामाजी पुटपुटले. "आधी माह्या खोलीत होता, कूलरपाशी. म्हटलं, तोही बाहेर गावचा. त्यालेही आमची गरमी सोसत नसन."

"अहो काका, तो दमट मुलखातला प्राणी आहे. तुमच्या कूलरच्या ओल्या हवेत तो पाच वर्षं मजेत होता!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोमवारची शस्त्रक्रिया रद्द. पेटी पुन्हा कूलरच्या खोलीत, पण वारा थेट अंगावर नको. हवेतला ओलावा मोजायचं घड्याळ आणायचं आणि काटा साठ-सत्तरच्या मध्ये ठेवायचा. बसायला एक दमट बीळ करून द्यायचं. ओलं चिंब नाही, नाहीतर अंगाला बुरशी. आणि मग वाट बघायची. पुढच्या कातीबरोबर दोन्ही चष्मे एकदम निघाले पाहिजेत.

"आणि नाही निघाले तर?" मामाजींनी विचारलं.

"तर माझ्याकडे घेऊन या, काका. पण मग डोळ्याची खात्री मी देणार नाही."

पुढचे सदतीस दिवस आमच्या दुकानात जी धमाल होती, ती मी जन्मात विसरणार नाही.

बिळासाठी मामाजींनी फुटका माठ काढला. आत घालायला काहीतरी ओल धरणारं हवं होतं. नारळाच्या देशातून आलेल्या बाईला हे विचारायची गरज नव्हती. मी मारुतीच्या देवळात गेले आणि पुजाऱ्याकडून शनिवारच्या नारळांच्या शेंड्या पोतंभर घेऊन आले. उकळल्या, पिंजल्या, पिळून माठात भरल्या. सुभेदारांनी जीभ काढून चौकशी केली आणि सरळ आत जाऊन बसले.

"तुमच्या कोकणाचा वास आला असन त्याले," मामाजी म्हणाले.

ओलाव्याचा काटा म्हणजे आमचा क्रिकेटचा स्कोअर झाला. मी मागून ओरडायचे, "अठ्ठावन्न!" मामाजी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ओरडायचे, "कूलरच्या वाळ्यावर पाणी मारा!" मी पाणी मारून यायचे, "त्रेसष्ट!" आणि मामाजी गिऱ्हाइकाला टाळी द्यायचे. हळूहळू गिऱ्हाइकंच विचारायला लागली. समोरचा शिंपी तर येता-जाता दारातून डोकावून विचारायचा, "गावंडे साहेब, सुभेदारांची हवा कशी काय?" हैदराबादहून हर्षल परत आला तेव्हा त्याला वाटलं, आम्हा दोघांना उन्हाचा झटका बसलाय.

एसी आम्ही बंदच करून टाकला. दुपारी मीही कूलरच्या खोलीतच बसायचे, एका बाजूला मामाजी काचा घासताहेत, मधे पेटी. न बोलणारे मामाजी काय बोलायचे! दंगलीत फुटलेलं दुकान, सासूबाईंचा पहिला चष्मा, एका पुढाऱ्याला जुळत नसलेला नंबर. मी ऐकत राहायचे. पण रोज दुपारी एकदा ते पेटीपाशी वाकायचे, डाव्या डोळ्याकडे बघायचे आणि गोष्ट अर्धवट सोडून काचा घासायला लागायचे. तो राखाडीच होता. आम्ही दोघंही मनातल्या मनात दिवस मोजत होतो.

बत्तिसाव्या दिवशी दोन्ही डोळे निळसर झाले. कात येणार असली की तसं होतं. मामाजींनी त्या दिवशी तीन चष्म्यांच्या काचा उलट्या बसवल्या. चौतिसाव्या दिवशी हर्षल कामासाठी म्हणून कोल्हापूरला गेला. छत्तिसाव्या दिवशी उजवा डोळा स्वच्छ झाला. डावा धुरकटच.

सदतिसाव्या दिवशी सकाळी साडेनऊला मामाजींनी दुकानातून नव्हे, मागून हाक मारली, तीही अशी की मी हातातली पोळी तव्यावर टाकून धावले.

"निघून राहिली! सूनबाई, निघून राहिली!"

सुभेदार माठाच्या फुटक्या कडेला तोंड घासत होते. ओठावरून कात सुटली, डोक्यावर उलटली आणि मग ते त्यातून नुसते चालत बाहेर आले, गल्लीतून बाहेर पडावं तसे. एक अखंड, लांब, ओलसर कात मागे पडली. एकही तुकडा सुटा नाही. पण त्यांनी बाहेर येऊन जे डोकं वळवलं, ते उजव्या बाजूनं. डावा डोळा दिसेना.

मी काळजीपूर्वक कात उचलली आणि डोक्याकडचा भाग पाण्याच्या बशीत पसरला. मामाजींनी भिंग धरलं. उजव्या डोळ्याच्या जागी एक छोटी गोल काच होती, कातीतच बसवलेली. डाव्या जागी...

"हाय का?" मामाजींनी विचारलं. "सूनबाई, हाय का?"

मी सुईच्या टोकानं हलवलं. एक काच सरकली. तिच्याखाली दुसरी होती.

"दोन आहेत," मी म्हणाले. मी सुई खाली टाकली. "मामाजी, दोन आहेत! एकावर एक!"

मामाजींनी सुभेदारांना उचललं आणि आम्ही तिघं धावत यंत्रापाशी गेलो. मी प्रकाश टाकला. डावा डोळा काळाभोर, ओलसर, घासून पुसून ठेवलेल्या काचेसारखा. त्यात आमच्या दुकानाची ट्यूबलाइट दिसत होती. उभी रेघ बारीक झाली, पुन्हा मोठी झाली. मी आणखी केसभर ओढलं असतं तर हे काहीही नसतं. मला एकदम भरून आलं. मी यंत्रावरून डोकं उचललं तर डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि थांबतच नव्हतं.

मामाजींचं हसू मावळलं.

"पुन्हा?" ते म्हणाले.

"पुन्हा म्हणजे?"

त्यांनी सुभेदारांना हळूच पेटीत ठेवलं. बराच वेळ झाकणाशी खुडबुड करत राहिले. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागले.

"मार्चपासून पाहून राहिलो मी. दुकान जरा रिकामं झालं की तुमी मागं मोरीपाशी जाता. भिंतीकडं तोंड करता. डोळे पुसता आणि लाल डोळे घेऊन परत येता. दिवसातून चार-चार खेपा. घरात सासू नाही, बाई माणूस नाही. कोणाजवळ बोलसान? सासऱ्यानं विचारावं तरी कसं? मले वाटलं, गरमीनं जीव नकोसा झाला असन, म्हणून एसी लावला. तर तुमी आणखीनच रडू लागल्या."

मी तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

"त्या दिवशी म्याडमनं विचारलं, काय बदललं. म्हटलं, एसीचं नाव घेतलं तर तो बंद करावा लागन. एवढं एक सुख हाय पोरीले, तेही जाईन." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग मी हर्षलले सांगतलं, पोरीले तिच्या गावाले घेऊन जा. तिकडंच दुकान टाका. तो आता कोल्हापूरले नाही गेला, सूनबाई. रत्नागिरीले गाळा पाहाले गेला हाय. मीच पाठवला."

"आणि तुम्ही?"

"माह्यं काय? सुभेदार हायेत ना."

मला हसावं की आणखी रडावं कळेना. मी पर्समधून थेंबांची बाटली काढली आणि त्यांच्या हातात दिली. "मामाजी, मी औषध घालत होते. इथल्या हवेनं माझे डोळे कोरडे पडायचे. लाल डोळे गिऱ्हाइकांना दिसू नयेत म्हणून मागे जायचे. मी रडत नव्हते. एकदाही नाही."

त्यांनी बाटली डोळ्यांजवळ धरली, लेबल वाचलं, उलटी करून पुन्हा वाचलं. असल्या बाटल्यांची अख्खी रांग त्यांच्या स्वतःच्या काउंटरवर विकायला ठेवलेली होती.

"चाळीस वर्षं डोळ्यायच्या धंद्यात काढली मी," ते म्हणाले आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी संशयानं विचारलं, "आणि आता हे? हेही औषधच काय?"

"नाही," मी नाक ओढत म्हणाले. "हे रडणं आहे."

मामाजींनी मान हलवली. खिशातून फोन काढला आणि अंगणात जायला न थांबता तिथूनच लावला. त्या दिवशी दुकानातही रेंज होती.

"हर्षल? तो गाळा राहू दे. वापस ये." पलीकडून तो काहीतरी विचारत होता. "काहून म्हणजे? अरे, सूनबाई रडत नव्हती रे बाप्पा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "आज रडून राहिली!"